टॅब्लेट संगणकांतील ग्राफिक्स क्षमता व पडद्याचे रेझोल्यूशन : तुलनेचे निकष

प्रास्ताविक

टॅब्लेट संगणकाच्या माहितीपत्रकात दोन बाबी हमखास ठळक टाइपात छापलेल्या आढळतात. एक म्हणजे पडद्याचे रेझोल्यूशन आणि दुसरी म्हणजे ग्राफिक्स प्रोसेसरचे नाव किंवा त्यातील गाभ्यांची संख्या. महाविद्यालयाची खरेदी समिती तीन-चार पुरवठादारांची दरपत्रके समोर ठेवून तुलनात्मक तक्ता तयार करते, तेव्हा या दोन बाबींना दोन स्वतंत्र रकाने दिले जातात आणि दोन्ही रकान्यांत ज्याचा आकडा मोठा ते उपकरण सरस, असा निर्णय सहजगत्या होतो. वस्तुतः हे दोन आकडे परस्परांपासून स्वतंत्र नाहीत. पडद्यावरील पिक्सेलांची संख्या हे ग्राफिक्स प्रोसेसरपुढील काम होय आणि प्रोसेसरची क्षमता हा ते काम उरकण्याचा वेग होय. विहिरीवरचा पंप किती अश्वशक्तीचा आहे एवढ्यावरून तो पुरेसा की अपुरा हे सांगता येत नाही. भिजवायचे रान किती एकर आहे हेही कळावे लागते. पंप दुप्पट शक्तीचा बसविला आणि रान चौपट केले, तर पाण्याची पाळी पूर्वीपेक्षा उशिराच येणार. टॅब्लेटच्या इतिहासात नेमका हाच प्रकार २०१२ साली घडला. प्रस्तुत लेखात त्या उदाहरणाच्या आधारे रेझोल्यूशन व ग्राफिक्स क्षमता यांचा परस्परसंबंध स्पष्ट केला आहे.

पिक्सेल, घनता आणि डोळ्याची मर्यादा

रेझोल्यूशन हा शब्द व्यवहारात दोन अर्थांनी वापरला जातो आणि गोंधळाची सुरुवात तेथूनच होते. पहिला अर्थ पडद्यावरील एकूण पिक्सेलांचा. ॲपल कंपनीने २०१० साली बाजारात आणलेल्या पहिल्या आयपॅडचा पडदा १०२४×७६८ होता; म्हणजे त्यावर ७,८६,४३२ पिक्सेल होते. दुसरा अर्थ घनतेचा, म्हणजे एका इंचात किती पिक्सेल बसतात याचा. वरील पडद्याचा कर्ण ९.७ इंच होता. पायथागोरसच्या सिद्धान्तानुसार कर्णावर १२८० पिक्सेल येतात, त्यांना ९.७ ने भागले की इंचाला सुमारे १३२ पिक्सेल ही घनता मिळते. ग्राफिक्स प्रोसेसरवरील भार पहिल्या अर्थाच्या रेझोल्यूशनवर अवलंबून असतो, तर डोळ्यांना जाणवणारा रेखीवपणा दुसऱ्या अर्थाच्या रेझोल्यूशनवर. माहितीपत्रकातील ‘एचडी’ या अक्षरांवरून या दोहोंपैकी काहीच निश्चितपणे कळत नाही.

हा भेद समजून घेण्यासाठी भारतीय उदाहरण उपयुक्त ठरते. ५ ऑक्टोबर २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांच्या हस्ते दिल्लीत ‘आकाश’ या अल्पमोली टॅब्लेटचे अनावरण झाले. त्याचा पडदा ७ इंची आणि ८००×४८० पिक्सेलांचा होता. कर्णावरील ९३३ पिक्सेलांना ७ ने भागल्यास घनता इंचाला सुमारे १३३ येते. म्हणजे पिक्सेल घनतेच्या बाबतीत ‘आकाश’ आणि त्याच्या कित्येक पट किमतीचा पहिला आयपॅड समसमान होते. एकूण पिक्सेल ३,८४,००० असल्याने ‘आकाश’च्या प्रोसेसरवरील भार तर निम्म्याहूनही कमी होता. तरीही दोन्ही उपकरणे हाताळण्याच्या अनुभवात जमीन-अस्मानाचे अंतर होते, कारण ‘आकाश’मध्ये ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ मेगाबाइट स्मृती आणि दाब दिल्यावरच प्रतिसाद देणारा पडदा होता. पुढे या प्रकल्पाच्या समन्वयाची जबाबदारी मुंबईच्या आयआयटीकडे आली आणि ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘आकाश २’चे प्रकाशन झाले. या दुसऱ्या आवृत्तीत प्रोसेसर १ गिगाहर्ट्झचा झाला, स्मृती ५१२ मेगाबाइट झाली, पडदा बोटाच्या हलक्या स्पर्शाला प्रतिसाद देऊ लागला. रेझोल्यूशन मात्र ८००×४८० एवढेच राहिले. रेझोल्यूशनच्या रकान्यात दोन्ही आवृत्त्यांपुढे एकच आकडा लिहावा लागतो, आणि त्या रकान्यापुरते पाहणाऱ्यास या दोन उपकरणांत काही बदल झाला आहे याचा पत्ताही लागत नाही.

घनता किती असावी, या प्रश्नाचे उत्तर नेत्रविज्ञानात सापडते. नेत्रतज्ज्ञ ज्या दृष्टीला ६/६ म्हणतात, तिला एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनातील तपशील वेगळा ओळखता येतो. टॅब्लेट साधारणपणे ३८ सेंटिमीटर अंतरावर धरला जातो असे मानल्यास या कोनाची तेथील लांबी ०.११ मिलिमीटर भरते. म्हणजे इंचाला सुमारे २३० पिक्सेल झाले की स्वतंत्र पिक्सेल डोळ्यांना ओळखू येईनासे होतात. हाच पडदा डोळ्यांपासून २५ सेंटिमीटरवर आणला तर ही मर्यादा सुमारे ३५० पर्यंत जाते. १३२ घनतेच्या पडद्यावरील पिक्सेल दिसेनासे व्हावेत म्हणून तो ६६ सेंटिमीटर दूर धरावा लागेल. एवढ्या अंतरावर टॅब्लेट कोणी वाचत नाही. अर्थात एक कला ही काही पोलादी सीमारेषा नव्हे. दोन रेषा एका सरळीत आहेत की किंचित सरकल्या आहेत हे मानवी डोळा त्याहूनही सूक्ष्म कोनातून ताडू शकतो. त्यामुळे तिरप्या रेषांच्या कडेवरील पायऱ्या अपेक्षेपेक्षा अधिक घनतेपर्यंत जाणवत राहतात.

मराठी वाचकाच्या दृष्टीने या मुद्द्याला आणखी एक बाजू आहे. १० पॉइंट आकाराच्या अक्षराला १३२ घनतेच्या पडद्यावर उभ्या दिशेत अवघे १८ पिक्सेल मिळतात. रोमन लिपीचे काम तेवढ्यात बऱ्यापैकी भागते. देवनागरीला मात्र त्या १८ पिक्सेलांत शिरोरेषा, तिच्यावरील मात्रा, रफार व अनुस्वार, मधला अक्षरदेह आणि खालचे उकार व जोडाक्षरातील खालचे अंग एवढे सारे बसवावे लागते. ‘घ’ आणि ‘ध’ किंवा ‘म’ आणि ‘भ’ यांतील फरक शिरोरेषेतील लहानशा खंडावर बराचसा अवलंबून असतो. ‘ष्ट’ व ‘ष्ठ’, ‘द्ध’ व ‘द्व’ या जोड्यांची स्थिती त्याहून बिकट आहे. एवढ्या विरळ पडद्यावर अनुस्वाराचा बिंदू जेमतेम दोन पिक्सेलांचा होतो. घनता २६४ झाली की त्याच अक्षराला ३७ पिक्सेल मिळतात आणि ही भांडणे मिटतात. रेझोल्यूशनवाढीचा लाभ रोमन लिपीपेक्षा देवनागरीला अधिक होतो, असे म्हणण्यास येथे पुरेसा आधार आहे.

जुन्या ग्रंथांच्या प्रतिमा वाचतानाही हेच आढळते. डेमी अष्टपत्री आकाराचे, म्हणजे साडेआठ बाय साडेपाच इंचांचे पान इंचाला ३०० बिंदू या प्रमाणात स्कॅन केले तर २५५०×१६५० पिक्सेलांची प्रतिमा तयार होते. गूगलने २०१२ च्या अखेरीस आणलेल्या व सॅमसंगने बनविलेल्या नेक्सस १० या टॅब्लेटचा पडदा २५६०×१६०० होता; असे पान त्यावर जवळजवळ जसेच्या तसे मावते. १०२४×७६८ च्या पडद्यावर मात्र हेच पान दोन्ही दिशांनी ४० टक्क्यांवर आणावे लागते आणि मूळ प्रतिमेतील सुमारे १६ टक्केच पिक्सेल शिल्लक राहतात.

वाढलेल्या पिक्सेलांचा भार

लाभाची बाजू अशी भक्कम असली, तरी वाढलेल्या पिक्सेलांचा खर्च कोठेतरी भरावा लागतोच. पडद्यावरील प्रत्येक पिक्सेलच्या रंगाची नोंद स्मृतीत सर्वसाधारणपणे ४ बाइटमध्ये केली जाते. १०२४×७६८ च्या एका चित्रचौकटीस ३ मेगाबाइट जागा लागते. २०४८×१५३६ च्या चौकटीस १२ मेगाबाइट. पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होत असेल, तर नुसते तयार चित्र स्मृतीतून पडद्यापर्यंत पोचविण्यासाठी पहिल्या पडद्याला सेकंदाला १८० आणि दुसऱ्याला ७२० मेगाबाइट वाहतूक करावी लागते. चित्र तयार करण्याचा खर्च याखेरीज निराळा. त्रिमित दृश्यात पाठीमागची टेकडी, तिच्यापुढचे झाड, झाडापुढचा माणूस असे एकावर एक थर येतात आणि एकाच पिक्सेलचा रंग दोनदा, तीनदा किंवा त्याहूनही अधिक वेळा काढावा लागतो. शिवाय पृष्ठभागांवर चिकटविण्याच्या पोताच्या प्रतिमाही स्मृतीतूनच आणाव्या लागतात.

ग्राफिक्स प्रोसेसरचे सगळेच काम मात्र पिक्सेलांच्या प्रमाणात वाढत नाही. त्रिमित आकृती असंख्य त्रिकोणांची बनलेली असते. त्या त्रिकोणांचे शिरोबिंदू अवकाशात कोठे आहेत, हे काढण्याचे गणित पडदा लहान असो की मोठा, तेवढेच राहते. त्रिकोण ठरल्यानंतर त्याच्या आत येणाऱ्या प्रत्येक पिक्सेलचा रंग, छाया व पोत काढण्याचे काम मात्र पिक्सेलांच्या सम प्रमाणात वाढते. म्हणून रेझोल्यूशन चौपट केल्यावर वेग नेमका एक-चतुर्थांश होईल असे नाही. ज्या दृश्यात आकृती गुंतागुंतीच्या पण रंगकाम साधे, तेथे घट कमी. ज्यात धूर, पाणी, काच, सावल्या यांचे प्राबल्य, तेथे ती मोठी. रसायनशास्त्राच्या वर्गात रेणूची काडी-चेंडू प्रतिकृती फिरविणे आणि एखाद्या खेळातील पावसाळी रात्र रंगविणे ही एकाच तराजूत तोलण्याची कामे नव्हेत.

स्मृतीवरील वाहतुकीचा ताण कमी करण्यासाठी हातातील उपकरणांच्या प्रोसेसरांत एक युक्ती योजलेली असते. ब्रिटनमधील इमॅजिनेशन टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या पॉवरव्हीआर मालिकेत ती ठळकपणे दिसते. सबंध पडदा एकदम न रंगविता त्याच्या लहान लहान चौकोनी फरशा पाडल्या जातात. एका फरशीत कोणते त्रिकोण येतात हे आधी ठरवून, त्यांतील पुढचा कोण व झाकलेला कोण याचा निवाडा करून, फक्त दिसणाऱ्या भागाचाच रंग काढला जातो. हे काम चिपमधील छोट्याशा स्मृतीत पूर्ण होते आणि तयार फरशीच तेवढी बाहेरील स्मृतीत लिहिली जाते. एनव्हिडिया कंपनीच्या टेग्रा ३ मध्ये ही पद्धत नव्हती. त्यामुळे टेग्रा ३ मध्ये १२ ग्राफिक्स गाभे आणि ॲपलच्या ए५एक्स चिपमध्ये ४, म्हणून पहिला तिप्पट सामर्थ्याचा, असा हिशेब करणे सर्वस्वी चुकीचे ठरते. गाभा कशाला म्हणावे याची व्याख्याच प्रत्येक कंपनीची वेगळी आहे. एका गावच्या पायलीने दुसऱ्या गावचे धान्य मोजण्यासारखाच हा प्रकार आहे.

२०१२ चे उदाहरण

मार्च २०११ मध्ये आलेल्या आयपॅड २ चा पडदा पहिल्या आयपॅडएवढाच, १०२४×७६८, होता. त्यातील ए५ चिपमध्ये पॉवरव्हीआर एसजीएक्स ५४३ जातीचे दोन ग्राफिक्स गाभे होते आणि ग्राफिक्सचा वेग आधीच्या नऊपटीपर्यंत वाढल्याचा कंपनीचा दावा होता. रान तेवढेच आणि पंप मोठा, अशी ही सुखाची स्थिती होती. वर्षभराने, मार्च २०१२ मध्ये, तिसऱ्या पिढीचा आयपॅड आला. त्याचा ९.७ इंची पडदा २०४८×१५३६ चा, म्हणजे ३१,४५,७२८ पिक्सेलांचा होता. दोन्ही दिशांना नेमकी दुप्पट करण्यामागे व्यावहारिक शहाणपण होते. जुन्या कार्यप्रणालींतील एका पिक्सेलच्या जागी चार पिक्सेलांचा चौकोन मांडला की त्या काहीही न बिघडता चालत. एकूण पिक्सेल चौपट झाले आणि ए५एक्स चिपमधील त्याच जातीचे ग्राफिक्स गाभे दोनाचे चार झाले. आयपॅड २ मध्ये प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला येणारी ग्राफिक्स क्षमता १ मानली, तर नव्या उपकरणात ती ०.५ झाली. स्मृतीची वाहतूक-क्षमता सेकंदाला ६.४ गिगाबाइटवरून १२.८ गिगाबाइटवर, म्हणजे तीही दुप्पटच गेली. भार चौपट झाला होता.

या एका निर्णयाचे पडसाद उपकरणाच्या सर्व अंगांत उमटले. पिक्सेल लहान झाले की पडद्यामागील दिव्याचा प्रकाश अडविणारा भाग प्रमाणाने वाढतो. तेवढाच उजेड मिळविण्यासाठी दिवे अधिक प्रखर लावावे लागतात. मोठ्या चिपचा खर्च वेगळा. ए५ चे क्षेत्रफळ सुमारे १२२ चौरस मिलिमीटर होते, ते ए५एक्समध्ये १६० हून अधिक झाले. या साऱ्यासाठी बॅटरी २५ वॅट-तासांवरून ४२.५ वॅट-तासांवर न्यावी लागली. दहा तास चालण्याचा कंपनीचा दावा पूर्वीचाच राहिला. म्हणजे ७० टक्के वाढीव ऊर्जा पडदा व त्याच्या चिपनेच खाल्ली. जाडी ८.८ वरून ९.४ मिलिमीटर झाली, वजन ६०१ वरून ६५२ ग्रॅम झाले. अमेरिकेतील कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक नियतकालिकाने त्रिमित खेळ चालू असताना या टॅब्लेटचे तापमान ११६ अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे जवळजवळ ४७ अंश सेल्सिअसपर्यंत गेल्याचे मोजले. अल्पकाळ हातात धरल्यास ही उष्णता विशेष त्रासदायक नव्हती, असेही त्याच नियतकालिकाने नोंदविले होते, हे न्यायाच्या दृष्टीने सांगितले पाहिजे.

खेळ लिहिणाऱ्यांनी यावर आपला मार्ग काढला. दृश्य कमी रेझोल्यूशनला रंगवावयाचे, मग ते ताणून पूर्ण पडद्यावर बसवावयाचे आणि अक्षरे व बटणे तेवढी पूर्ण रेझोल्यूशनमध्ये दाखवावयाची, अशी ती पद्धत. ती आजही सर्रास वापरली जाते. पडद्यावर ३१ लाख पिक्सेल असले, तरी चालू खेळात तेवढ्या पिक्सेलांचे स्वतंत्र गणित होत असेलच असे नाही, हा मुद्दा तुलना करणाऱ्याने ध्यानी ठेवण्यासारखा आहे.

२३ ऑक्टोबर २०१२ रोजी, म्हणजे विक्री सुरू झाल्यापासून सुमारे सात महिन्यांत, चौथ्या पिढीचा आयपॅड जाहीर झाला आणि तिसरा विक्रीतून मागे घेण्यात आला. पडदा तोच, बॅटरी तीच, वजन तेच. चिप मात्र ए६एक्स आणि ग्राफिक्सचा वेग दुप्पट असल्याचा दावा. हा दावा प्रमाण मानला तर प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याची क्षमता पुन्हा १ वर, म्हणजे दीड वर्षापूर्वीच्या आयपॅड २ च्या पातळीवर आली. विशेष म्हणजे विरळ पडद्याचा आयपॅड २ मार्च २०१४ पर्यंत, तीन वर्षे, विक्रीस राहिला. त्याच्या दीर्घायुष्याचे मुख्य कारण कमी किंमत हेच असणार. परंतु तेवढ्या पिक्सेलांना त्याची चिप पुरून उरत होती, ही गोष्टही दुर्लक्षिण्याजोगी नाही.

चाचण्यांचे आकडे कसे वाचावेत

तिसऱ्या आयपॅडच्या सादरीकरणात ए५एक्सची ग्राफिक्स क्षमता टेग्रा ३ च्या चौपट असल्याचे सांगण्यात आले. कोणत्या चाचणीत, कोणत्या रेझोल्यूशनवर, हे मात्र सांगितले गेले नाही आणि एनव्हिडियाने त्याबद्दल लगोलग प्रश्न उपस्थित केला. असे दावे पारखण्यासाठी मापन-कार्यप्रणाली वापरल्या जातात. हंगेरीतील किशोंटी कंपनीची जीएलबेंचमार्क ही त्या काळातील प्रमुख चाचणी. पुढे तिचे नाव जीएफएक्सबेंच झाले. तिच्यात एकच दृश्य दोन प्रकारे चालविले जाते. पहिल्या प्रकारात दृश्य उपकरणाच्या स्वतःच्या पडद्यावर, त्याच्या पूर्ण रेझोल्यूशनला रंगविले जाते. दुसऱ्या प्रकारात ते पडद्यावर न दाखविता ठरावीक रेझोल्यूशनला, उदाहरणार्थ १९२०×१०८० ला, स्मृतीतच रंगविले जाते. पहिला आकडा वापरणाऱ्याला प्रत्यक्षात काय मिळेल ते सांगतो, दुसरा चिपची अंगभूत ताकद सांगतो. दोन टॅब्लेटांपैकी एकाचा पहिला आकडा आणि दुसऱ्याचा दुसरा आकडा घेऊन केलेली तुलना निरर्थक होय; जाहिरातींत ती आढळते.

दोन्ही आकडे जवळजवळ ठेवल्याने काय उमगते ते एका काल्पनिक उदाहरणाने दाखविता येईल. ‘क’ टॅब्लेटचा पडदा १२८०×८०० चा, म्हणजे १०,२४,००० पिक्सेलांचा आहे. ‘ख’चा २५६०×१६०० चा, म्हणजे बरोबर चौपट. ठरावीक रेझोल्यूशनच्या चाचणीत ‘क’ सेकंदाला २० चित्रे आणि ‘ख’ ४० चित्रे देतो. ‘ख’ची चिप निःसंशय दुप्पट ताकदीची आहे. स्वतःच्या पडद्यावर मात्र पिक्सेलांचे काम प्रधान असलेल्या दृश्यात ‘क’ सुमारे ४० आणि ‘ख’ सुमारे २० चित्रे देईल. दोन्ही निकाल खरे आहेत आणि कोणता महत्त्वाचा हे उपयोगावरून ठरेल.

स्वतःच्या पडद्यावरील चाचणीला आणखी एक मर्यादा असते. पडदा सेकंदाला ६० वेळाच ताजा होत असेल, तर चिप ९० चित्रे काढू शकत असूनही आकडा ६० वरच थांबतो. सोप्या चाचणीत सगळेच परीक्षार्थी शंभर टक्के गुण मिळवितात, तेव्हा त्यांतील हुशार कोण हे कळत नाही, तशीच ही अवस्था. ज्या चाचणीत सर्व उपकरणे ६० च्या आसपास दिसतात, ती तुलनेसाठी बाद समजावी.

परीक्षा म्हटली की गैरप्रकारही आले. २०१३ च्या उत्तरार्धात काही अँड्रॉइड उपकरणे मापन-कार्यप्रणालीचे नाव ओळखून तेवढ्यापुरता आपला वेग चढा ठेवतात, असे परीक्षकांच्या लक्षात आले. थ्रीडीमार्क ही चाचणी तयार करणाऱ्या फ्यूचरमार्क कंपनीने त्या वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये सॅमसंग व एचटीसी यांची काही उपकरणे नियमभंगामुळे आपल्या क्रमवारीतून काढून टाकली. त्यांत सॅमसंगच्या गॅलक्सी नोट १०.१ या टॅब्लेटची २०१४ ची आवृत्तीही होती.

याहून साधा पण अधिक व्यापक दोष कालावधीचा आहे. टॅब्लेटमध्ये बहुधा पंखा नसतो. दोन-तीन मिनिटांच्या चाचणीत चिप थंड असते आणि पूर्ण वेगाने धावते. पंधरा-वीस मिनिटांनी कवच तापले की स्वतःचा बचाव करण्यासाठी ती वेग उतरविते. उन्हाळ्यात पंखा नसलेल्या वर्गखोलीत ही उतरण अधिक लवकर येते. म्हणून एकच चाचणी लागोपाठ दहा-पंधरा वेळा चालवून पहिल्या व शेवटच्या फेरीतील फरक पाहणे हितावह असते. खरेदीपूर्वी नमुना उपकरण मागवून हे करणे कोणत्याही महाविद्यालयाला अवघड नाही. त्यासाठी संगणकशास्त्र विभागातील एक दुपार पुरेशी आहे.

त्यानंतरची वाटचाल

आयपॅडची पिक्सेल घनता २०१२ साली २६४ झाली. २०१५ चा १२.९ इंची आयपॅड प्रो २७३२×२०४८ चा होता. त्याचीही घनता २६४ होती. मे २०२४ मध्ये आलेला १३ इंची आयपॅड प्रो २७५२×२०६४ चा; घनता पुन्हा २६४. लहान आकाराच्या आयपॅड मिनीची घनता २०१३ पासून ३२६ आहे, कारण तो डोळ्यांच्या अधिक जवळ धरला जातो. याचा अर्थ असा, की डोळ्याने घातलेली सीमा गाठल्यावर रेझोल्यूशनची शर्यत जवळपास थांबली आणि चिपची वाढ चालूच राहिली.

मात्र मोकळी झालेली क्षमता रिकामी बसली नाही. २०१७ च्या आयपॅड प्रोपासून पडदा सेकंदाला १२० वेळा ताजा होऊ लागला. त्यामुळे आता केवळ पिक्सेलांची संख्या न मोजता सेकंदाला किती पिक्सेल रंगवावे लागतात हे मोजणे अधिक सयुक्तिक ठरते. पहिल्या आयपॅडसाठी हा आकडा सुमारे ४ कोटी ७२ लाख येतो, २०१२ च्या तिसऱ्या आयपॅडसाठी सुमारे १८ कोटी ८७ लाख, आणि २०२४ च्या १३ इंची आयपॅड प्रोसाठी सुमारे ६८ कोटी १६ लाख. दरपत्रकांच्या तुलनात्मक तक्त्यात रेझोल्यूशन आणि प्रोसेसर या दोन रकान्यांशेजारी हा तिसरा रकाना घातला, तर कागदावर सारखी दिसणारी उपकरणे निराळी दिसू लागतात.

अध्यापनासाठी टॅब्लेट घेताना आणखी एक गोष्ट बहुधा विसरली जाते. वर्गात विद्यार्थी टॅब्लेटचा पडदा पाहत नाहीत. ते प्रोजेक्टरने भिंतीवर टाकलेले चित्र पाहतात. अनेक महाविद्यालयांतील जुने प्रोजेक्टर १०२४×७६८ चे आहेत, म्हणजे पहिल्या आयपॅडएवढेच. १६:१० प्रमाणाचा टॅब्लेट अशा प्रोजेक्टरला जोडला की चित्र १०२४×६४० एवढ्यातच मावते आणि वर-खाली ६४-६४ ओळींचे काळे पट्टे उरतात. तेव्हा भिंतीवर ६,५५,३६० पिक्सेल असतात, मग टॅब्लेट कोणताही असो.